गायस ग्रॅकसची मोट: इ.स.पू. १२३ ते १२१

इ.स.पू. १२३ मध्ये गायस सेम्प्रोनियस ग्रॅकस रोमच्या ट्रिब्यूनपदावर, म्हणजे सामान्य लोकांच्या प्रतिनिधीच्या पदावर, दुसऱ्यांदा निवडून आला, तेव्हा तो उमेदवारसुद्धा नव्हता. लोकांनीच त्याचं नाव लावून धरलं आणि भरभरून मतं दिली. इ.स.पू. १२१ मध्ये हाच गायस टायबर नदीवरच्या लाकडी पुलाकडे जीव घेऊन पळत होता. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की रस्त्यातले लोक शर्यत बघायला जमल्यासारखे ‘पळ, पळ’ म्हणून त्याला हाका देत होते. त्याने घोडा मागितला, तो मात्र कुणीच दिला नाही.

मधल्या काळात काय घडलं, हा या प्रकरणाचा विषय. नेहमीचं उत्तर असं की गरिबांच्या कैवाऱ्याला श्रीमंतांच्या सिनेटने चिरडलं. ते खोटं नाही, पण तो शेवटचा अंक झाला. पहिलं दीड वर्ष हीच सिनेट गायसपुढे हतबल होती. तिने तलवार काढली ती लोक त्याच्यापासून सुटल्यावर. तेव्हा खरा प्रश्न लोक का सुटले हा आहे. माझ्या मते त्याचं उत्तर त्याच्या कायद्यांच्या रचनेत सापडतं. बाकीचा प्रत्येक कायदा मतदारांपैकी कुणाला ना कुणाला काहीतरी नवं देत होता. एकच कायदा त्यांच्या ताटातलं दुसऱ्याला वाढायला सांगत होता, आणि नेमका तोच त्यांनी पडू दिला.

थोरल्या भावाचं काय झालं होतं

गायसचं घराणं मोठं. वडील दोनदा कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, आणि एकदा सेन्सर, म्हणजे नागरिकांच्या याद्या आणि सरकारी मक्ते पाहणारे अधिकारी, झालेले. आई कॉर्नेलिया ही हॅनिबलला हरवणाऱ्या स्किपिओ आफ्रिकानसची मुलगी. तिला बारा मुलं झाली, त्यातली तीन जगली: टायबेरियस, गायस आणि सेम्प्रोनिया. टायबेरियस गायसपेक्षा नऊ वर्षांनी मोठा.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियसने ट्रिब्यून म्हणून जमिनीचा कायदा आणला. इटलीत रोमने जिंकलेल्या मुलखाचा मोठा भाग सरकारी जमीन म्हणून पडून होता आणि बड्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिची वहिवाट करून ती घरचीच मानायला सुरुवात केली होती. कायदा म्हणत होता की ५०० युगेरांच्या, म्हणजे साधारण ३१० एकरांच्या, वर कुणाला ही जमीन ठेवता येणार नाही. मुलांमागे थोडी सूट मिळेल. उरलेली काढून भूमिहीनांना वाटायची. मार्कस ऑक्टेव्हियस या दुसऱ्या ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरला. टायबेरियसने लोकांच्या सभेत मत घेऊन त्याला पदावरूनच काढलं. असं यापूर्वी कुणी केलं नव्हतं. वाटपासाठी तिघांचं मंडळ बसलं: टायबेरियस स्वतः, त्याचे सासरे अ‍ॅपियस क्लॉडियस आणि धाकटा भाऊ गायस. एकाच घरातले तिघे. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

पुढचं घोडं अडलं ते मतदानापाशी. टायबेरियसला संरक्षणासाठी पुन्हा निवडून यायचं होतं. त्याचे पाठीराखे खेड्यातले, आणि इतिहासकार अ‍ॅपियन सांगतो त्याप्रमाणे दिवस सुगीचे होते. माणसं शेतावर अडकलेली. त्याला ऐनवेळी शहरातल्या गरिबांकडे हात पसरावे लागले, आणि त्यांना देण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं. निवडणुकीच्या गदारोळात मुख्य पुरोहित स्किपिओ नासिका सिनेटरांचा जथा घेऊन चालून आला. बाकांचे पाय आणि सोटे घेऊन त्यांनी टायबेरियससह सुमारे तीनशे जणांना ठेचून मारलं. प्रेतं टायबरमध्ये टाकली. गायस तेव्हा विशीत होता; मंडळावर त्याचं नाव आलं तेव्हा तो स्पेनमध्ये न्युमान्शियाच्या वेढ्यावर होता. त्याने प्रेत मागितलं, तेही मिळालं नाही, असं प्लुटार्क म्हणतो.

जमिनीचं मंडळ मात्र मोडलं नाही. त्याने रोवलेले हद्दीचे दगड दक्षिण इटलीत सापडले आहेत आणि त्यांवर मंडळाच्या सभासदांत गायसचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे ट्रिब्यून होण्याआधीच हा माणूस मोजणी, वहिवाटदारांची भांडणं आणि नकाशावर न बसणाऱ्या हद्दी यांत मुरलेला होता.

सार्डिनियाहून परत

इ.स.पू. १२६ मध्ये क्वेस्टर, म्हणजे खजिन्याचा अधिकारी, म्हणून तो कॉन्सल ओरेस्टेसबरोबर सार्डिनियाला गेला. हिवाळा कडक आणि सैन्याला कपडे नाहीत. गावांनी कपडे पुरवण्यातून सूट मागितली आणि सिनेटने ती देऊनही टाकली. गायस गावोगाव फिरला आणि लोकांनी आपण होऊन कपडे दिले. रोममधल्या शहाण्यांना ही बातमी आवडली नाही. लोकांकडून मागून आणता येणं हीच पुढाऱ्याची पहिली पात्रता असते हे त्यांना कळत होतं. ओरेस्टेसचा कार्यकाळ वाढवून गायसला तिथेच अडकवून ठेवण्याचा डाव पडला. तो परवानगी न घेता परतला.

सेन्सरांपुढे चौकशी झाली. तिथलं त्याचं भाषण मला फार आवडतं, कारण त्यात हिशेब आहे. बाकीच्यांना दहा वर्षं लष्करी सेवा पुरते, मी बारा केली. क्वेस्टरला वर्षाने परतता येतं, मी दोन वर्षांवर राहिलो. मी जाताना भरलेली थैली नेली आणि रिकामी आणली. इतरांनी जाताना दारूचे बुधले भरून नेले आणि येताना त्यांत चांदी भरून आणली. तो सुटला आणि थेट ट्रिब्यूनपदाला उभा राहिला. निवडणुकीच्या दिवशी इटलीभरातून इतके लोक आले की मैदान पुरेना आणि माणसं घरांच्या छपरांवरून ओरडत होती. दहा जणांत तो चौथा आला. वर्षभरात पहिलं नाव त्याचंच झालं.

बोलण्याची त्याची तऱ्हा वेगळी होती. रोमच्या व्यासपीठावर वक्ते एका जागी उभे राहत. हा येरझारा घालायचा, बोलण्याच्या भरात टोगा खांद्यावरून ओढायचा. संतापला की आवाज फाटायचा. त्यावर उपाय म्हणून लिसिनियस नावाचा गुलाम मागे सूर देणारी पिपाणी घेऊन उभा असायचा. पट्टी चढली की तो हलका सूर लावी आणि गायस खाली येई. भावाच्या खुनावर बोलतानासुद्धा त्याला आवाजाचं भान हवं होतं.

कायदे

भावाजवळ एक कायदा आणि एक गट होता. गायसने मोट बांधली. त्याच्या कायद्यांची यादी वाचताना प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहून बघावा: हा कुणासाठी?

पहिला मान शहरी गरिबांचा. प्रत्येक नागरिकाला दर महिन्याला ठरलेल्या भावाने गहू मिळेल: एका मोडियसला, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास, सहा पूर्णांक एक तृतीयांश अस (रोमन नाणं). फुकट नव्हे, भाव स्थिर आणि बाजाराच्या चढउतारातून सुटका. दुष्काळ, चाचे, साठेबाज यांमुळे रोममध्ये गव्हाचे भाव सारखे उसळत. साठवणीसाठी त्याने कोठारं बांधायला घेतली. धान्य आणि कोठार एकत्र, हा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. भाषणात स्वस्त धान्य कबूल करणारे पुष्कळ असतात. ते ठेवायचं कुठे याचा विचार करणारे थोडे.

या कायद्याला लुसियस कॅल्पुर्नियस पिसो याने कडाडून विरोध केला होता. पुढे एकदा धान्याच्या रांगेत खुद्द पिसो उभा दिसला. पुढच्या काळातला वक्ता सिसेरो याने ही गोष्ट सांगितली आहे. गायसने भर गर्दीत विचारलं, आपण विरोध केलात, मग आता इथे कसे? पिसो म्हणाला, माझी मालमत्ता तू सगळ्यांत वाटावीस हे मला मुळीच पसंत नाही, पण वाटणारच असशील तर माझा वाटा मी घेणार. विनोद म्हणून हा किस्सा सांगितला जातो. पण गायसच्या सगळ्या मतदारांचं मन त्यात उघडं पडलंय. जो वाटा मिळतोय तो घ्यायचा, आणि देणाऱ्याशी बांधून घ्यायचं नाही.

सैनिकांसाठी सरकारी खर्चाने कपडे, पगारातून कापणी नाही, सतरा वर्षांखालच्या पोराची भरती नाही. खेड्यातल्यांसाठी जमिनीचा कायदा पुन्हा चालू. रस्त्यांची कामं निघाली: सरळ आखणी, कापीव दगडांची फरसबंदी, ओढ्यांवर पूल, प्रत्येक मैलावर अंतराचे खांब, आणि कडेला ठरावीक अंतरावर घोड्यावर चढायला दगड. मुकादमांना, पाथरवटांना, गाडीवानांना काम. प्लुटार्क लिहितो की गायसभोवती सतत कंत्राटदार, कारागीर, राजदूत, शिपाई, विद्वान यांचा गराडा असे आणि तो प्रत्येकाशी त्याच्या कामाचं नेमकं बोले. त्याचा द्वेष करणारेही त्याच्या कामाच्या उरकाने चकित होत.

मग व्यापारी वर्ग. इथे जरा थांबायला हवं, कारण गायसची सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत घातक चाल हीच.

इ.स.पू. १३३ मध्ये पर्गमचा राजा अ‍ॅटॅलस वारला आणि मृत्युपत्राने राज्य रोमला देऊन गेला. त्यातून आशिया प्रांत झाला. आजच्या तुर्कस्तानाचा पश्चिम भाग. गायसने ठरवलं की तिथल्या उत्पन्नाच्या दशमांशाचा मक्ता रोममध्ये, सेन्सरांपुढे, पाच वर्षांसाठी लिलावाने द्यायचा. सगळ्या प्रांताचा एक मक्ता म्हणजे अवाढव्य भांडवल, आणि ते उभं करू शकत होते अश्वारोही वर्गातले, म्हणजे सिनेटबाहेरचे, धनिक, भागीदाऱ्या करून. सिनेटरांना असे मक्ते घेता येत नसत. तिजोरीत ठोक रक्कम आली; धान्याचा खर्च यातूनच भागवायचा, असा त्याचा हिशेब दिसतो. तिकडे आशियातल्या शेतकऱ्याच्या मानेवर मक्तेदार बसला. तो शेतकरी मतदार नव्हता.

दुसरा भाग न्यायालयाचा. प्रांतात लूट करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खटले चालवायचं कायम न्यायालय इ.स.पू. १४९ पासून होतं, आणि ते स्थापणारा कायदा याच पिसोचा. पण त्यात न्यायपंच सिनेटर आणि आरोपीही सिनेटर. एकमेकांना सांभाळून घेणं चालू होतं. आशियाचा कारभार पाहून आलेला मानियस अक्विलियस लाच देऊन सुटल्याची ओरड ताजी होती. गायसच्या कायद्याने सिनेटर, त्यांचे बाप, भाऊ, मुलगे सगळे पंचांच्या यादीतून बाद केले आणि ४५० जणांची नवी यादी करायला लावली.

या कायद्याचे काशाच्या पत्र्यावर कोरलेले तुकडे आज उपलब्ध आहेत, आणि ते वाचले की गायसची काम करण्याची पद्धत समोर येते. एका खटल्याला ५० पंच. मत द्यायला लाकडाची पट्टी, चार बोटं लांब, दोन्ही बाजूंना मेण. एका बाजूला निर्दोष असं सांगणारं अक्षर, दुसरीकडे दोषी असं सांगणारं. पंचाने एक अक्षर खोडायचं, बाही वर सारून हात उघडा ठेवायचा, अक्षर बोटांनी झाकायचं आणि सगळ्यांना दिसेल अशी पट्टी भांड्यात टाकायची. मत गुप्त, पण टाकणं उघड. हातचलाखीला वाव नाही. दोषी ठरला तर लुटीच्या दुप्पट भरपाई. आणि खटला जिंकणारा फिर्यादी नागरिक नसेल तर त्याला रोमचं नागरिकत्व. इतक्या बारकाईने लिहिलेला माणूस केवळ सभा जिंकणारा नव्हता.

पण याचा राजकीय अर्थ सिनेटने तेव्हाच ओळखला. प्रांताचा सुभेदार मक्तेदारांना आवरायला गेला तर परतल्यावर त्याचा न्याय करणार कोण? त्याच मक्तेदारांचे जातभाई. मी फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, खंजीर टाकलेत, आता ते आपसांत भोसकाभोसकी करतील, असं गायस म्हणाल्याचं सिसेरो नोंदवतो. विद्वान व्हॅरोच्या शब्दांत त्याने राज्याला दोन डोकी केली.

या सगळ्याच्या आधी त्याने दोन कायदे मांडले होते, भावाच्या खुनातून आलेले. एक ऑक्टेव्हियसच्या सूडाचा: लोकांनी पदावरून काढलेल्याला पुन्हा पद नाही. तो आईच्या शब्दाखातर मागे घेतला. दुसरा जास्त गंभीर: लोकांच्या आदेशाविना कुठल्याही नागरिकाला देहदंड देता येणार नाही. टायबेरियसच्या पाठीराख्यांना शिक्षा ठोठावणारा माजी कॉन्सल पोपिलियस यामुळे देशोधडीला लागला.

इटालियनांचा प्रश्न

इटलीतली बहुतेक शहरं रोमची दोस्त होती, रोमची नागरिक नव्हती. ती सैन्याला माणसं पुरवत, रोमच्या लढाया लढत, आणि रोमचा अधिकारी गावात आला की मान खाली घालत. गायसच्या एका भाषणाचा तुकडा राहिला आहे, त्यात ही मान कशी खाली घालावी लागे ते आहे.

टेआनम गावी कॉन्सलची बायको आली. तिला पुरुषांच्या स्नानगृहात आंघोळ करायची लहर आली. गावचा अधिकारी मार्कस मारियस याला हुकूम गेला की आतल्या लोकांना बाहेर काढा. बाईंनी तक्रार केली की जागा लवकर रिकामी झाली नाही आणि नीट स्वच्छही नव्हती. झालं, चौकात खांब रोवला, गावातल्या सर्वांत प्रतिष्ठित माणसाचे कपडे उतरवले आणि छड्यांनी फोडून काढलं. हे ऐकून शेजारच्या कॅलेस गावाने फतवा काढला की रोमचा अधिकारी गावात असताना कुणीही स्नानगृहात जाऊ नये. फेरेन्टिनममध्ये याच कारणासाठी दोघांना पकडायला माणसं गेली. एकाने तटावरून उडी टाकली, दुसऱ्याला धरून फटकावलं. आणखी एक प्रसंग व्हेनुसियाचा: पालखीतून चाललेल्या रोमन तरुणाला पाहून एका गुराख्याने थट्टेत विचारलं, आत मढं आहे का? तरुणाने पालखीचे पट्टे सोडवले आणि त्या पट्ट्यांनी गुराख्याला मरेपर्यंत मारायला लावलं.

गायस हे किस्से कसलाही रंग न भरता सांगतो. प्राचीन रोमच्या सगळ्या वक्तृत्वात इतकं कोरडं आणि इतकं बोचरं फार थोडं आहे.

त्याच्या जमिनीच्या कायद्यानेही हा प्रश्न चिघळला होता, हे विसरता येत नाही. सरकारी जमिनीवर इटालियन शहरांतल्या लोकांचीही वहिवाट होती. मोजणीदार आला की त्यांची जमीन जाई आणि मिळे रोमच्या नागरिकाला. म्हणून तोड सुचली की जमिनीच्या बदल्यात नागरिकत्व द्यावं. इ.स.पू. १२५ मध्ये कॉन्सल फुल्व्हियस फ्लॅकसने तसा प्रस्ताव आणून पाहिला. सिनेटने त्यालाच लढाईवर पाठवून दिलं. त्याच वर्षी फ्रेगेली शहराने बंड केलं आणि प्रिटर, म्हणजे कॉन्सलखालचा अधिकारी, लुसियस ओपिमियसने ते शहर जमीनदोस्त केलं. इ.स.पू. १२२ मध्ये फ्लॅकस गायसचा सहकारी ट्रिब्यून झाला; कॉन्सल राहून आलेला माणूस खालच्या पदावर, हेही नवल. आणि गायसने कायदा मांडला: लॅटिनांना (रोमच्या सर्वांत जवळच्या, आधीच काही हक्क असलेल्या दोस्तांना) पूर्ण नागरिकत्व, बाकीच्या इटालियनांना त्याखालोखालचे हक्क.

त्या वर्षीचा कॉन्सल होता गायस फॅनियस. त्याला निवडून आणण्यात गायसचाच हात होता. तोच उलटला. त्याच्या भाषणातलं जे शिल्लक आहे त्याचा आशय असा: लॅटिनांना नागरिकत्व दिलंत तर आज सभेत, खेळांत, उत्सवांत तुम्हाला मिळते तशी जागा मिळेल असं वाटतं तुम्हाला? सगळं तेच व्यापून टाकतील. संविधान नाही, परंपरा नाही, देव नाहीत. फक्त बसायची जागा. शहरात राहणाऱ्या गरिबाला हे पटकन समजलं, कारण आता त्याच्याजवळ गमावण्यासारखं काहीतरी होतं: ठरल्या भावाचा गहू, मताचं वजन, वसाहतीत जमीन मिळण्याची आशा. हे सगळं त्याला दिलं होतं गायसनेच. मला या प्रकरणाचा गाभा इथे दिसतो. गायसने लोकांना जितकं दिलं तितकं ते वाटून घ्यायला नाखूष झाले.

मतदानाआधी फॅनियसने हुकूम काढला की नागरिक नसलेल्यांनी शहर सोडावं. गायसने उलट जाहीर केलं की जे थांबतील त्यांच्या पाठीशी मी उभा राहीन. मग एक दिवस कॉन्सलचे शिपाई त्याच्या ओळखीच्या, त्याच्या घरी उतरलेल्या एका परगावच्या मित्राला फरफटत नेत होते. गायस शेजारून गेला आणि थांबला नाही. त्याने असं का केलं याची दोन कारणं प्लुटार्क देतो: आपली ताकद ओसरली हे उघड होईल ही भीती, किंवा विरोधकांना मारामारीचं निमित्त द्यायचं नाही हा विचार. दोन्ही खरी असतील. पाहणाऱ्यांना काय दिसायचं ते दिसलं. कायदा पडला.

ड्रूससची बोली

याच वर्षी सिनेटने नवी युक्ती काढली. मार्कस लिव्हियस ड्रूसस हा श्रीमंत, सुसंस्कृत, उत्तम वक्ता ट्रिब्यून तिने गायससमोर उभा केला. त्याला विरोध करायला सांगितलं नव्हतं. बोली चढवायला सांगितलं होतं.

गायसने दोन वसाहती मांडल्या, ड्रूससने बारा, प्रत्येकी तीन हजार गरीब नागरिक. गायसच्या वाटपात जमिनीवर खंड होता, ड्रूससने तो माफ केला. गायसने लॅटिनांना मताचा हक्क देऊ केला, ड्रूसस म्हणाला की लॅटिनाला लष्करातसुद्धा छड्या मारता येणार नाहीत. म्हणजे लॅटिनांची पाठ वाचेल आणि रोमच्या मतदाराची जागाही शाबूत राहील. प्रत्येक वेळी तो सांगे की हे सिनेटच्या संमतीने आहे. आणि स्वतः कुठल्याही मंडळावर बसत नसे, पैशाला हात लावत नसे, तर गायस सगळीकडे स्वतः हजर. बारा वसाहतींतलं पुढे फारसं काही उतरलं नाही. उतरवायचंही नव्हतं.

त्यात गायस सत्तर दिवस आफ्रिकेला गेला. इ.स.पू. १४६ मध्ये रोमने बेचिराख केलेल्या कार्थेजच्या जागी जुनोनिया नावाची वसाहत उभारायची होती, सहा हजार वसाहतकऱ्यांची. मागे रोममध्ये फ्लॅकस होता, तो तापट. अफवा उठल्या की जुनोनियाचे हद्दीचे खांब लांडग्यांनी उपटले. बरेच जण गायसच्या पडझडीचं खापर या सत्तर दिवसांवर फोडतात. मला ते पुरेसं वाटत नाही. नागरिकत्वाचा कायदा, ड्रूससची बोली आणि आफ्रिकेचा प्रवास यांचा क्रम प्लुटार्क आणि अ‍ॅपियन वेगवेगळा लावतात. पण कुठलाही क्रम घेतला तरी ड्रूससने विकलेला माल तोच राहतो. गायस देतो ते सगळं घ्या, जास्त घ्या, फक्त वाटून घेऊ नका. ही बोली गायसला चढवता येत नव्हती, कारण त्याला खरोखरच वाटून द्यायचं होतं.

परतल्यावर त्याने पॅलेटाइन टेकडीवरचं घर सोडून फोरमजवळच्या गरीब वस्तीत बिऱ्हाड केलं. ग्लॅडिएटरांच्या खेळासाठी अधिकाऱ्यांनी भाड्याने द्यायला मचाण बांधले होते. गरिबांना फुकट बघता यावं म्हणून त्याने मजूर नेऊन रातोरात ते पाडले. गर्दी खूश, सहकारी ट्रिब्यून मात्र खवळले. तिसऱ्या निवडणुकीत तो पडला. त्याच सहकाऱ्यांनी मोजणीत गडबड केली असंही काही म्हणत.

शेवट आणि पुढे

इ.स.पू. १२१ चा कॉन्सल फ्रेगेली पाडणारा ओपिमियस. जुनोनियाचा कायदा रद्द करायची सभा कॅपिटोल टेकडीवर ठरली. तिथे ओपिमियसचा सेवक क्विंटस अँटिलियस याने गायसच्या माणसांना डिवचलं आणि त्यांनी त्याला लिहायच्या टोकदार लेखण्यांनी भोसकलं. गायस कपाळाला हात लावून ओरडला की शत्रूला हवं ते तुम्ही हातात दिलंत. दुसऱ्या दिवशी अँटिलियसचं प्रेत सिनेटच्या दाराशी आणून ठेवलं गेलं आणि सिनेटने ठराव केला: राज्याला इजा होणार नाही हे कॉन्सलने पाहावं. असा ठराव प्रथमच झाला. फ्लॅकस माणसं घेऊन अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवर गेला. गायस गेला तो टोगा घालून, कमरेला एक लहान खंजीर घेऊन. वाटाघाटीसाठी पाठवलेला फ्लॅकसचा धाकटा मुलगा ओपिमियसने पकडून ठेवला आणि क्रीटच्या तिरंदाजांना पुढे सोडलं. गायस पळाला, पाय मुरगळला, पुलावर मित्रांनी पाठलाग अडवून धरला, पलीकडच्या देवराईत त्याच्या गुलामाने त्याला आणि मग स्वतःला संपवलं. त्याच्या डोक्याला वजनाइतकं सोनं जाहीर झालं होतं. ते आणणाऱ्या सेप्टिमुलेयसने मेंदू काढून आत शिसं ओतलं होतं. काट्यावर सतरा पौंडांच्या वर भरलं. एकूण तीन हजार माणसं मारली गेली, असं प्लुटार्क लिहितो. लोकांच्या आदेशाविना नागरिकाला देहदंड नाही, या गायसच्या कायद्याखाली ओपिमियसवर इ.स.पू. १२० मध्ये खटला झाला. तो सुटला. त्याने सलोख्याच्या देवीचं देऊळ नव्याने बांधलं आणि रात्री कुणीतरी त्यावर लिहून गेलं की वेडेपणाच्या कृत्यातून सलोख्याचं देऊळ उभं राहतंय.

कायद्यांचं काय झालं हे पाहिलं तर सिनेटने काय मारलं आणि काय ठेवलं ते कळतं. जुनोनिया रद्द झाली, पण आफ्रिकेत गेलेल्यांच्या जमिनी राहिल्या. आशियाचा मक्ता राहिला. अश्वारोही पंच, मधले खंड सोडता, हुकूमशहा सुल्लाच्या काळापर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षं, टिकले, आणि टाकलेल्या खंजिरांनी आपलं काम केलं: इ.स.पू. ९२ मध्ये आशियात मक्तेदारांना वेसण घालणाऱ्या प्रामाणिक रुटिलियस रुफसला याच न्यायालयाने लुटारू ठरवलं, आणि तो जाऊन राहिला ज्यांना लुटल्याचा आरोप होता त्यांच्यातच. त्यांनी त्याचं स्वागत केलं. ओपिमियसला अखेर आफ्रिकेतल्या न्युमिडियाचा राजा जुगुर्था याच्याकडून लाच घेतल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं; त्याला दोषी धरणारे पंच ‘ग्रॅकसचे’ होते, असं सिसेरो हळहळून लिहितो. स्वस्त धान्याची प्रथाही अनेक फेरफार होत पुढे चालली. गेला तो जमिनीचा कायदा, इ.स.पू. १११ च्या कायद्याने वाटलेली आणि ठेवलेली जमीन खासगी करून विषय संपवला. हा कायदा कोरलाय त्याच काशाच्या पत्र्यावर, गायसच्या न्यायालयाच्या कायद्याच्या पाठीमागे.

आणि नागरिकत्व. तीस वर्षांनी, इ.स.पू. ९१ मध्ये, तोच प्रस्ताव पुन्हा आला, आणि आणणारा होता गायसवर बोली चढवणाऱ्या ड्रूससचा मुलगा, त्याच नावाचा. त्याला त्याच्याच घरात भोसकलं. इटालियन शहरं शस्त्र घेऊन उठली, आणि युद्ध अंगावर आल्यावर इ.स.पू. ९० मध्ये रोमने बंडात न उतरलेल्यांना नागरिकत्व देऊन टाकलं. मग मतदारयाद्यांवरून नवा वाद पेटला: नव्या नागरिकांना सगळ्या ३५ गटांत न विखुरता मोजक्याच गटांत कोंबायचं, म्हणजे जुन्यांचं मत भारी राहील.